थंडीत खायला उशिराचा बटाटा: बेणं जागं करण्यापासून साठवणीपर्यंत

कांदा, लसूण, वाटाणा निघाले की वाफे रिकामे होतात आणि कडाक्याची थंडी यायला अजून साडेतीन-चार महिने असतात. एवढ्या काळात बटाट्याचं आणखी एक पीक बसतं. बाकी वाफे ओस पडलेले असताना पातळ सालीचा ताजा बटाटा मातीतून उकरून काढता येतो. ज्यांच्याकडे थोडी जागा आहे त्या सगळ्यांनी हे करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

पहिली दोन वर्षं मला हे जमलं नाही. एका वर्षी बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, उगवलंच नाही आणि दुसऱ्या वर्षी हातातोंडाशी आलेलं पीक करप्यानं, म्हणजे पाला जाळणाऱ्या बुरशीसारख्या रोगानं, गेलं. दोन्ही वेळा चूक एकच होती. मुख्य पिकाला जे केलं होतं, तेच मी उशिराच्या पिकाला करत गेलो. मुख्य पीक गारव्यात सुरू होतं आणि उबेकडे जातं, तर उशिराचं पीक तापलेल्या मातीत सुरू होऊन गारठ्याकडे जातं. त्यामुळे बेणं कापायचं का, किती खोल लावायचं, खत कधी द्यायचं, पाणी कधी तोडायचं, या जवळपास प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बदलतं. ती बदललेली उत्तरं इथे क्रमानं लिहितो.

१. आधी शेवटचा दिवस ठरवा, मग मागे मोजत या

लावणीची तारीख ठरवायची असेल तर पिकाच्या शेवटापासून सुरुवात करा. तुमच्याकडे पाला जाळणारी पहिली थंडी साधारण कधी पडते? तापमान शून्याखाली एक-दोन अंश गेलं की बटाट्याचा पाला काळा पडतो आणि झाडाची वाढ तिथेच थांबते. गेल्या चार-पाच वर्षांतला तो दिवस आठवा किंवा आसपास बाग करणाऱ्या माणसाला विचारा. तो दिवस म्हणजे तुमचा शून्य.

आता जातीचे दिवस मोजा. लवकर येणारी जात ७० ते ९० दिवस घेते, मध्यम मुदतीची ९० ते ११० आणि उशिरा येणारी १२० दिवस किंवा त्याहून जास्त. पण हे आकडे चढत्या उन्हातले आहेत. उशिराच्या पिकाला शेवटचे पाच-सहा आठवडे तिरपं, कमी ऊन मिळतं, म्हणून मी त्यात आणखी १५ दिवस धरतो. ९० दिवसांची जात असेल तर ९० अधिक १५, म्हणजे १०५ दिवस. कडाक्याच्या १५ आठवडे आधी बेणं मातीत गेलेलं असावं.

इथे नवी माणसं हमखास फसतात. 'उशिराचं पीक' म्हटल्यावर 'उशिरा येणारी जात' घ्यायची, असं सरळ वाटतं. करायचं बरोबर उलटं असतं. पीक उशिराचं असेल तर जात लवकर येणारीच हवी. १२० दिवसांची जात या हंगामात लावली तर पाला कमरेएवढा होतो आणि खाली गोट्यांएवढे बटाटे राहतात, कारण ते पोसायच्या ऐन वेळी थंडी पाला घेऊन जाते.

जिथे कडाका पडतच नाही तिथे हिशेब उन्हाच्या बाजूनं करावा लागतो. बटाटा गाठी धरतो ते माती १५ ते २० अंश असताना, आणि माती ३० अंशांच्या वर असेल तर गाठ धरणं जवळपास बंद पडतं. चांगल्या मोडाच्या बेण्याचं झाड लावणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी गाठी धरू लागतं. तोपर्यंत रात्री २० अंशांखाली आलेल्या असतील, अशा बेतानं लावणी करा.

या हंगामाची एक मोठी सोय आहे. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडू लागल्या की बटाट्याचं झाड पाला वाढवायचं सोडून गाठींकडे वळतं. म्हणजे झाडाचा कल आपल्याच बाजूनं असतो, फक्त त्याआधी पाला पुरेसा वाढायला वेळ मिळाला पाहिजे. एक आठवडा उशीर झाला तरी त्याची किंमत काढणीला दिसते.

२. किती लावायचं आणि काय लागेल

घरात आठवड्याला ३ किलो बटाटा लागतो आणि १२ आठवडे पुरवायचा आहे, असं धरू. म्हणजे ३६ किलो. उशिराच्या पिकात मी झाडाला अर्धा किलोच धरतो, जास्त आलं तर आनंदच. त्या हिशेबानं ७२ झाडं लागतील. झाडाझाडांत २५ सेंटीमीटर अंतर धरलं तर १८ मीटर लांबीची ओळ होते, म्हणजे सहा-सहा मीटरच्या तीन सऱ्या. बेणं एकेक ४०-५० ग्रॅमचं असेल तर साधारण ३ ते साडेतीन किलो पुरेल. काही बेणं सडणार हे गृहीत धरून चार किलो घ्या.

हाताशी हे असू द्या:

- बेणं (कोणतं, ते पुढे सविस्तर)
- मोड आणायला उथळ ट्रे किंवा अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे
- कुदळ, खोरं, खुरपं आणि काढणीसाठी काटेरी फावडं
- मातीत खुपसायचा तापमापक. नसला तरी चालतं, पण या पिकाला तो फार उपयोगी पडतो
- पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत, चौरस मीटरला एक बादली
- आच्छादनाला पेंढा किंवा वाळलेलं गवत
- थंडीच्या रात्री झाकायला जुन्या चादरी किंवा पिकावर टाकायचं पांढरं कापड
- साठवणीला गोणपाट किंवा जाड कागदाची पोती
- एक वही. लावणीची तारीख, उगवण, पहिली भर (खोडाशी माती लावणं) आणि पहिली थंडी एवढं लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तोच तुमचा आधार होईल

३. बेणं जागं आहे का ते बघा

या लेखातला एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा. उशिराची बटाट्याची पिकं जास्त करून इथेच फसतात.

जमिनीतून काढलेला बटाटा झोपलेला असतो. जातीप्रमाणे साधारण दोन ते तीन महिने त्याचे डोळे फुटत नाहीत, मग तुम्ही त्याला माती, पाणी, ऊब काहीही द्या. पहिल्या वर्षी मी नुकतेच काढलेले माझेच बटाटे बेणं म्हणून लावले. तीन आठवडे वाट पाहिली, पाणी देत राहिलो. सहाव्या आठवड्यात एक उकरून पाहिला तर लावला त्या दिवशी होता तसाच होता, टणक, गुळगुळीत, डोळे मिटलेले. हंगामाचे सहा आठवडे गेले होते आणि ते परत मिळणार नव्हते.

म्हणून नियम असा ठेवा: मोड दिसल्याशिवाय बेणं मातीत जाणार नाही. जागं बेणं मिळवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे शीतगृहात ठेवलेलं प्रमाणित बेणं विकत घेणं. ते २ ते ४ अंशांत ठेवलेलं असल्यामुळे त्याचे मोड दबून राहतात, पण झोपेचा काळ आत संपलेला असतो. बाहेर उबेत आणलं की दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. विकत घेताना हे बेणं मागच्या हंगामाचं आहे का, हे स्पष्ट विचारा. नव्या माणसानं याच मार्गानं जावं.

दुसरा मार्ग घरच्या बेण्याचा. लवकर काढलेल्या पिकातले निरोगी, लहान बटाटे बाजूला काढा आणि त्यांना तीन महिने मिळतील असा हिशेब करा. २०-२५ अंशांच्या उबेत ठेवले तर ते थोडे लवकर जागे होतात. मोठे शेतकरी यासाठी जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकाच्या अगदी पातळ द्रावणात बेणं बुडवतात. त्याचं प्रमाण जरा वाढलं तरी मोड लांब, बारीक आणि लुळे येतात, म्हणून घरच्या बागेत त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

स्वयंपाकासाठी आणलेला बटाटा बेणं म्हणून लावू नका. पुष्कळदा त्याला मोड येऊ नयेत म्हणून औषध दिलेलं असतं. त्याहून मोठी अडचण विषाणूंची आहे. पानं गुंडाळणारा किंवा पानांवर चट्टे पाडणारा विषाणू बटाट्याच्या आत असला तरी बाहेरून काहीच दिसत नाही, झाड वाढायला लागल्यावर कळतं. मुख्य हंगाम लांब असतो, त्यात खुरटलेलं झाडही थोडंफार देऊन जातं. इथे तेवढी उसंत नसते.

*मोड कसे आणायचे:* बटाट्याच्या ज्या टोकाला डोळ्यांची दाटी असते ते टोक वर करून ट्रेमध्ये एकाच थरात मांडा. जागा हवेशीर आणि उजेडाची हवी, पण थेट ऊन नको. उजेडातले मोड आखूड, जाड आणि जातीप्रमाणे हिरवट किंवा जांभळट असतात. अंधारातले मोड पांढरे, लांब, दोऱ्यासारखे होतात आणि लावताना हात लागताच तुटतात. मोड एक ते दोन सेंटीमीटरचे झाले की बेणं तयार. तीन-चार आठवडे यातच जातात, म्हणून लावणीच्या तारखेतून तेवढं आणखी मागे मोजा आणि बेणं त्याप्रमाणे आणून ठेवा.

*कापायचं का?* मुख्य पिकाला मोठा बटाटा कापून प्रत्येक फोडीवर दोन डोळे ठेवतात, ते ठीक आहे. उशिराच्या पिकाला कापू नका. तापलेल्या ओल्या मातीत कापलेली फोड जखम भरायच्या आधीच सडते. मातीला आंबूस वास यायला लागला की समजावं, खाली लगदा झाला आहे. कोंबडीच्या अंड्याएवढे, ३० ते ६० ग्रॅमचे अख्खे बटाटे निवडा.

४. जागा आणि माती

याच वर्षी जिथे बटाटा, टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती तो वाफा घेऊ नका. ही सगळी एकाच कुळातली आहेत, एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. एकदा बटाटा घेतलेल्या जागी तीन-चार वर्षं या कुळातलं काही नको. कांदा, लसूण, वाटाणा, घेवडा यांच्यामागून बटाटा चांगला येतो.

शेवटच्या महिन्यात ऊन खाली उतरतं आणि सावल्या लांबतात. आज दिवसभर ऊन असलेला वाफा तेव्हा भिंतीच्या सावलीत गेलेला असेल. हे आत्ताच पाहून जागा निवडा.

माती भुसभुशीत, निचऱ्याची आणि किंचित आम्लधर्मी असावी. सामू (pH) ५ ते ६.५ चालतो. चुना आणि लाकडाची राख या वाफ्यात घालू नका, त्यानं सामू चढतो आणि सालीवर खवड्याचे खरबरीत डाग पडतात. कच्चं शेणखतही नको. कंपोस्ट आणि लागेल ते खत लावणीच्या वेळीच द्या. मुख्य पिकाला मधे नत्राचा (नायट्रोजन खताचा) हप्ता देतात, तो इथे टाळा. उशिरा दिलेलं नत्र झाडाला पाल्यातच गुंतवून ठेवतं, आणि आपल्याला तर त्यानं वेळेत गाठींकडे वळायला हवं असतं.

५. लावणी

लावणीच्या आदल्या संध्याकाळी सरीत पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी वाफसा असेल तेव्हा, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसेल तेव्हा, ऊन उतरल्यावर लावा. भर दुपारी तापलेल्या मातीत बेणं ठेवू नका. १० सेंटीमीटर खोलीवर तापमापक २५ अंशांच्या खाली असेल तर उत्तम. वर असेल तर दोन-तीन दिवस आधीपासून पेंढ्याचं आच्छादन घालून आणि पाणी देऊन माती गार करून घ्या.

सऱ्यांत ६० सेंटीमीटर अंतर, झाडांत २० ते २५. खोली १० ते १२ सेंटीमीटर, मुख्य पिकापेक्षा बोटभर जास्त, कारण वरचा थर तापतो. मोड वर करून बेणं अलगद ठेवा आणि हातानं माती लोटा. पायानं दाबू नका, मोड तुटतात. वरून पाच-सात सेंटीमीटर पेंढा पसरा. तो उन्हाचा ताप अडवतो आणि पुढे ओलही धरून ठेवतो.

पाऊस अजून चालू असेल तर सपाट वाफ्यावर कधीही लावू नका. वरंब्याच्या पोटात लावा, म्हणजे पाणी बाजूच्या सरीतून निघून जाईल. पाणी साचलेल्या मातीत मोड आलेलं बेणंही चार दिवसांत सडतं.

जागा नसेल तर ४० लिटरच्या पिशवीत किंवा मोठ्या कुंडीत दोन किंवा तीनच बटाटे लावा. तळाला भोकं हवीत. आधी एक तृतीयांश माती भरून बेणं लावा आणि झाड वाढेल तसतशी वर माती घालत जा. पिशवीचा मोठा फायदा शेवटी कळतो. थंडीच्या रात्री ती उचलून आडोशाला नेता येते, त्यामुळे दोन-तीन आठवडे जास्त मिळतात. मात्र पिशवी लवकर सुकते, तिला रोज हात लावून बघावं लागतं.

६. पाणी आणि मातीची भर

चांगल्या मोडाचं बेणं दहा-पंधरा दिवसांत वर येतं. तोपर्यंत माती ओलसर असू द्या, चिखल नको.

झाडं १५ ते २० सेंटीमीटरची झाली की पहिली भर द्या. दोन्ही बाजूंची माती ओढून खोडाशी लावा आणि वरचा पाला मोकळा ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी भर. बटाटा हे मूळ नाही, खोडाच्या जमिनीखालच्या फांद्यांची टोकं फुगून तो होतो. उघडा पडलेला बटाटा उजेडानं हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात. शिजवूनही ती फारशी जात नाहीत. कोरड्या मातीला भेगा पडल्या तर त्यातून बटाट्याची पाकोळी (एक लहान पतंग) आत शिरून अंडी घालते. भर नीट असेल तर ही दोन्ही संकटं टळतात.

पाण्याची सगळ्यात नाजूक वेळ गाठी धरण्याची, म्हणजे लावणीनंतरचा पाचवा ते नववा आठवडा. तेव्हा ताण पडला तर गाठी कमी धरतात आणि खवडाही वाढतो. ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी दिलं तर बटाटे तडकतात, वेडेवाकडे होतात, कधी आतून पोकळ राहतात. बोट दोन पेरं मातीत घाला, टोकाला ओल लागली नाही तर पाणी द्या. सकाळी द्या, मुळाशी द्या, पानांवर नको. हवा गार होत जाईल तसं पाणी कमी करत जा. या पिकाची तहान शेवटी घटत जाते, मुख्य पिकासारखी वाढत नाही.

फुलांची वाट बघू नका. 'फुलं आली की बटाटे धरले' हा मुख्य पिकाचा ठोकताळा आहे. दिवस लहान असताना पुष्कळ जाती फुलत नाहीत. आठव्या-नवव्या आठवड्यात एका झाडाच्या बाजूनं वरंब्यात हळूच हात घाला. माती आतून गार लागते, बोटं चाचपडत पुढे गेली की पहिल्यांदा जुनं, मऊ झालेलं बेणं लागतं आणि त्याच्या पलीकडे गुळगुळीत, गोल, टणक काहीतरी. ते अक्रोडाएवढं असेल तर पीक वेळेवर आहे. माती परत लोटा आणि झाडाला त्याचं काम करू द्या.

७. करपा

उशिरा येणारा करपा या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. हवा १० ते २० अंश, दव, धुकं, पानं तासन्‌तास ओली, असं वातावरण त्याला हवं असतं आणि आपलं पीक नेमकं त्याच दिवसांत उभं असतं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे दहा लाख माणसं गेली, तो हाच रोग. हे सांगतो ते घाबरवायला नाही. दोन दिवस थांबून बघू, असं म्हणण्याजोगा हा रोग नाही, एवढं लक्षात यावं म्हणून सांगतो.

ओळखायचा असा: पानाच्या टोकाला किंवा कडेला भाजल्यासारखा, ओलसर दिसणारा गडद डाग येतो. सकाळी पान उलटून पाहा, डागाच्या कडेनं पांढरी बुरशी दिसते. लवकर येणाऱ्या करप्याचे डाग वेगळे असतात. ते कोरडे, तपकिरी, आत वर्तुळामागे वर्तुळ असलेले आणि बहुतेक जुन्या पानांवर येतात. त्यात इतकी घाई नसते.

मी आता हे करतो. झाडांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवतो, ते कधीच कमी करत नाही. जवळपास मागच्या बटाट्याची आपोआप उगवलेली रोपं आणि टोमॅटोची जुनी झाडं असतील तर ती उपटून टाकतो, कारण रोग तिथूनच येतो. जाती निवडतानाच करप्याला तग धरणारी पाहतो. सलग ढगाळ, दमट दिवस दिसले तर डाग यायच्या आधी १ टक्का बोर्डो मिश्रण फवारतो: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चुना, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र केलेले. हे मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी पुढे आलं आणि बटाट्यालाही लागू पडलं. ते आधीच मारलं तर राखण करतं, लागलेला रोग बरा करत नाही. तुमच्याकडे तांब्याच्या औषधांवर काही बंधनं आहेत का ते पाहून घ्या, हातमोजे आणि तोंडावर फडकं विसरू नका.

रोग पाच-दहा पानांवर असेल तर ती पानं कोरड्या हवेत तोडून बागेबाहेर न्या. चौथ्या हिश्श्यापर्यंत पाला गेला असेल तर मन घट्ट करा आणि सगळा पाला जमिनीलगत कापा. दुसऱ्या वर्षी मला हेच करवलं नाही. बटाटे अजून लहान आहेत, आठवडाभर पोसू देत म्हणून थांबलो. पावसानं पानांवरचे बीजाणू धुऊन मातीत नेले आणि काढलेल्या बटाट्यांतले बरेच साठवणीत तपकिरी होऊन कुजले. वेळेवर कापला असता तर बटाटे लहान पण निरोगी मिळाले असते.

८. थंडी आणि काढणी

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच बोचरं गार असेल तर त्या रात्री पाला जळू शकतो. ऊन उतरायच्या आत झाडांवर कापड टाका, काठ्यांचा आधार देऊन पानांना टेकणार नाही असं. सकाळी ऊन आलं की काढा. दुपारी थोडं पाणी दिलं तर ओली माती रात्री जास्त वेळ ऊब धरते. पहिल्या एक-दोन रात्री अशा निभावल्या की बहुतेक वेळा पुढे आठ-दहा दिवस बरी हवा मिळते आणि तेवढ्यात बटाटे चांगले भरतात. ही मेहनत घ्या, ती वाया जात नाही.

पाला काळा पडला किंवा आपोआप पिवळा होऊन लोळला की जमिनीपासून दोन-तीन बोटं ठेवून कापा. पाणी पूर्ण बंद. मग दोन आठवडे हात लावू नका. एवढ्या वेळात साल पक्की होते आणि मातीच्या वरच्या थरातले करप्याचे बीजाणूही मरतात. एक बटाटा काढून अंगठ्यानं घासा. साल सरकली तर आणखी थांबा, सरकली नाही तर काढणीला सुरुवात करा.

लगेच खायचे असतील तर साल पक्की होण्याची वाट पाहायची गरज नाही. लागतील तेवढे आठवड्याला काढा. माती गोठत नसेल आणि निचरा चांगला असेल तर वरंब्यावर १५-२० सेंटीमीटर पेंढा घालून बटाटे काही आठवडे जमिनीतच राखता येतात. पण भारी, पाणी धरणारी जमीन असेल, उंदीर किंवा गोगलगायी असतील, करपा येऊन गेला असेल किंवा जमीन खोलवर गोठत असेल, तर सगळे काढूनच घ्या. गोठलेला बटाटा विरघळला की त्याचं पाणी होतं.

काढायला कोरडा दिवस निवडा. फावडं झाडापासून वीतभर लांब खुपसा आणि खालून उचला. मातीत हात फिरवून राहिलेले शोधा, लहान राहिला तर पुढच्या वर्षी तोच करप्याला घर देतो. बटाटे फेकू नका, हातानं ठेवा. दोन-तीन तास सावलीत सुकू द्या. धुऊ नका.

९. साठवण

काढल्यावर दहा-पंधरा दिवस १० ते १५ अंशांत, अंधारात आणि जरा दमट हवेत पसरून ठेवा. खरचटलेली साल याच काळात भरून येते. मग निवड करा. कापलेले, ओरखडलेले एका बाजूला, हिरवे वेगळे आणि धडधाकट पोत्यात. ओला डाग किंवा वास असलेला एकही बटाटा पोत्यात जाऊ देऊ नका, त्याच्या शेजारचे सगळे जातात.

खायच्या बटाट्याला ७ ते १० अंश, अंधार आणि खेळती हवा लागते. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो, त्यामुळे गोणपाट किंवा कागदच बरा. फ्रीजमध्ये ठेवू नका. ४-५ अंशांखाली पिष्टाची साखर होते, बटाटा गोडसर लागतो आणि तळताना लवकर काळा पडतो. कांद्याशेजारीही ठेवू नका, दोघांना हवी असलेली हवा वेगळी असते. पोती जमिनीवर न टेकवता फळीवर ठेवा.

दर पंधरा दिवसांनी पोतं उघडून हात फिरवा. वास आला तर सगळं ओतून निवडा. मोड दिसू लागले तर जागा उबदार आहे, ती बदला. आखूड मोड काढून घट्ट बटाटा खाता येतो. हिरवा भाग दिसला तर तो जाड कापून टाका, फार हिरवा किंवा कडू लागला तर अख्खाच टाकून द्या.

आधी ओरखडलेले आणि बारके संपवा, मग मध्यम. मोठे, पक्क्या सालीचे, डाग नसलेले शेवटी ठेवा, ते सर्वांत जास्त टिकतात.